तालुका एक, निधी दोन वर्षांचा: टीबीसाठी पैसे कुठे लावावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी एका आदिवासी तालुक्यात तुमची छोटी संस्था काम करते. टीबीसाठी दोन वर्षांचा निधी मिळाला आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट, औषधं फुकट, आणि तरीही दरवर्षी टीबीने माणसं दगावतात. अशा वेळी पैसे कशावर खर्च करावेत: जनजागृती, शिबिरं, फिरती एक्स-रे गाडी, की आणखी काही?

उत्तर आधीच देऊन टाकतो. मोठा वाटा दोनच गोष्टींवर लावा. एक, पहिल्या खोकल्यापासून पहिल्या गोळीपर्यंत जे दिवस जातात ते कमी करण्यावर. दोन, रुग्णाच्या घरातल्या प्रत्येकाच्या जेवणावर. उरेल त्यातून बाकीचं करा. क्षयरोगाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि या मतावर मी ठाम आहे. कारणं सविस्तर सांगतो, कारण उद्या तुमच्या विश्वस्तांना ती तुम्हाला समजावून सांगावी लागतील.

रॉबर्ट कॉखने टीबीचा जंतू जगापुढे मांडला तो २४ मार्च १८८२ रोजी. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं, आयसोनियाझिड १९५२ पासून वापरात आलं. तोवर उपचार म्हणजे सॅनिटोरियम: मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंडी. आपल्याकडे रुग्ण लाखांनी आणि खाटा हजारांनी. म्हणून १९५६ मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण दोन गटांत वाटले. एक गट सॅनिटोरियममध्ये, दुसरा शहरातल्या आपापल्या दाटीवाटीच्या घरांत. औषधं दोघांना सारखीच, वर्षभर. १९५९ मध्ये निष्कर्ष आला की बरं होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखं आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, घरी राहिलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना टीबी जास्त प्रमाणात झाला नाही. जगातली सॅनिटोरियमं बंद होण्यात या मद्रासच्या अभ्यासाचा मोठा हात आहे. गरीब देशात घरी राहून टीबी बरा होऊ शकतो हे आपण जगाला दाखवलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्या दुसऱ्या निष्कर्षाकडे नीट बघा. रुग्ण घरात असूनही नातेवाइकांचा धोका वाढला नाही, कारण योग्य औषधं सुरू झाली की रुग्णाचा संसर्ग पसरवण्याचा जोर झपाट्याने ओसरतो. घरच्यांना जी लागण व्हायची ती बहुतेक वेळा निदानाच्या आधीच होऊन गेलेली असते. म्हणजे गावात टीबी पसरवतो तो गोळ्या घेणारा रुग्ण नाही. अजून कुणाच्याच नोंदीत नसलेला, दोन महिने खोकणारा आणि तरीही रोज कामावर जाणारा माणूस तो पसरवतो. त्याच्यापर्यंत तुम्ही किती लवकर पोचता यावर सगळं अवलंबून आहे.

हे दिवस जातात कुठे, ते तुमच्याच तालुक्यात शोधा. गेल्या वर्षी नोंद झालेल्या रुग्णांपैकी पंचवीस-तीस जणांच्या घरी जाऊन शांतपणे विचारा: खोकला कधी सुरू झाला, आधी कुणाकडे गेलात, त्याने काय दिलं, मग कुठे, किती पैसे गेले. हे काम कुठल्याही सर्वेक्षण कंपनीला देऊ नका. पावरी किंवा भिलोरी बोलणारी तुमचीच मुलं-मुली पाठवा. चित्र साधारण असं दिसेल: आधी दुकानातलं खोकल्याचं औषध, मग बडवा म्हणजे पाड्यावरचा भगत, मग बाजाराच्या गावातला खासगी डॉक्टर, एक सुई, एक सलाईन, पाच दिवसांच्या गोळ्या. बरं वाटतं, पुन्हा खोकला येतो. त्यात कुणी लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक गोळी दिली असेल तर आणखी पंचाईत, कारण ती टीबीच्या जंतूवरही थोडी चालते. ताप उतरतो, निदान लांबतं आणि जंतूला त्या औषधाची सवय होण्याची संधी मिळते.

म्हणून खासगी डॉक्टरांना वगळून हे काम होत नाही. १९९१ मध्ये मुकुंद उपलेकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुंबईतल्या खासगी डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. शंभर डॉक्टरांनी टीबीसाठी ऐंशी वेगवेगळ्या प्रकारचे उपचार लिहून दिले होते. पुढे जवळपास वीस वर्षांनी झरीर उदवाडिया यांच्या चमूने धारावीच्या परिसरात पुन्हा तपासलं, तेव्हाही परिस्थिती फारशी सुधारलेली नव्हती. टीबीच्या रुग्णाची नोंद सरकारला कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे. त्याच वर्षी टीबीसाठी होणाऱ्या रक्ताच्या निरुपयोगी अँटिबॉडी चाचण्यांवर बंदी आली. कायदा आहे, पण बाजाराच्या गावातला डॉक्टर कायद्याने बदलत नाही. त्याच्याकडे दर आठवड्याला जाणारा तुमचा एक माणूस हवा. दोन आठवड्यांच्या वर खोकला असलेल्या रुग्णाचा बेडका घेऊन जाणारा आणि रिपोर्ट त्याच डॉक्टरच्या हातात आणून देणारा. रुग्ण आपल्याकडून जाणार नाही, उलट वेळेत निदान केल्याचं नाव आपल्यालाच मिळेल, हे पटलं की बहुतेक डॉक्टर साथ देतात. माझ्या मते या एका माणसाचा पगार हा तुमच्या निधीतला सगळ्यात चांगला खर्च ठरेल.

बेडक्याविषयी दोन शब्द, कारण इथे नुसत्या आळसाने रुग्ण निसटतात. डबी हातात देऊन ‘थुंकून आण’ म्हटलं की लाळ येते आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. सकाळी उठल्यावर, चूळ भरून, दोन-तीन खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला घट्ट बेडका हवा, आणि तो मोकळ्या हवेत काढायचा. हे करून दाखवावं लागतं. बायकांना तर घरामागे आडोसा मिळाला नाही तर त्या खोकतच नाहीत. मग तपासणी कोणती? सूक्ष्मदर्शकाखाली बरेच रुग्ण सुटतात. आता जंतू त्याच्या जनुकांवरून ओळखणारी यंत्रं आहेत: सीबीनॅट आणि गोव्याच्या कंपनीचं ट्रूनॅट. ट्रूनॅट बॅटरीवर चालतं, त्यामुळे वीज बेभरवशाची असलेल्या केंद्रातही ठेवता येतं. जंतू आहे की नाही आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध त्याच्यावर चालेल की नाही, ही दोन्ही उत्तरं त्याच दिवशी मिळू शकतात. यंत्र बहुधा तालुक्यात असेलच. अडतं ते नमुना तिथपर्यंत पोचण्यात. पाड्यावरून ग्रामीण रुग्णालयापर्यंत आठवड्यातून ठरलेल्या दिवशी डब्या नेणारी मोटरसायकल आणि पेट्रोल, एवढीच ती गरज असते.

आता फिरत्या एक्स-रेबद्दल. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, लक्षणं असूनही ६४ टक्के लोक कुठेच उपचाराला गेले नव्हते. आणि छातीचा एक्स-रे काढला नसता तर सापडलेल्यांपैकी ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते, कारण त्यांनी लक्षणं सांगितलीच नव्हती. व्हिएतनाममध्ये का माउ प्रांतात याच्याही पुढे जाऊन एक प्रयोग झाला. तीन वर्षं, दरवर्षी, गावातल्या सगळ्या प्रौढांना लक्षणं असोत-नसोत, बेडका देता येईल त्या प्रत्येकाची तपासणी केली. चौथ्या वर्षी मोजलं तेव्हा तिथला टीबी, असं काही न केलेल्या गावांपेक्षा सुमारे ४४ टक्क्यांनी कमी होता. त्यामुळे एक्स-रे वाईट असं मी म्हणत नाही. हातात धरण्याजोगी यंत्रं आता जिल्ह्यात आली आहेत, ती मागून घ्या. पण पाड्यात एकदाच गाडी न्यायची, फोटो काढायचे, वर्तमानपत्रात बातमी छापून आणायची आणि पुन्हा तिकडे फिरकायचं नाही, यावर पैसा घालू नका. का माउमध्ये फरक पडला तो दरवर्षी परत गेल्यामुळे.

आता जेवणाकडे येतो. इथे जरा थांबतो, कारण आपल्या सगळ्या क्षेत्राने ही बाजू फार काळ दुर्लक्षित ठेवली. त्याची सुरुवातही एका अर्थी मद्रासच्या त्याच अभ्यासातून झाली. सॅनिटोरियममधल्या रुग्णांना चांगलं खाणं मिळालं, घरी राहिलेल्या रुग्णांना कमी मिळालं, आणि तरी दोन्ही गट बरे झाले. त्यावरून पुढच्या पिढ्यांनी असा अर्थ काढला की औषध असेल तर आहाराचं फारसं काही नाही. बेडक्यातला जंतू जाण्यापुरतं ते खरं होतं. माणूस जगणं, त्याच्यात कामाची ताकद परत येणं, त्याच्या मुलांना टीबी न होणं, हे वेगळे प्रश्न आहेत. ते फारसे कुणी विचारले नाहीत.

डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी ते विचारले. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ पासून त्यांनी राशन्स नावाचा अभ्यास केला आणि २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. २८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांहून जास्त माणसं. सगळ्या रुग्णांना दरमहा दहा किलोंचा शिधा दिला: तांदूळ, सत्तू (भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ), दूध पावडर, तेल, शिवाय जीवनसत्त्वाच्या गोळ्या. निम्म्या घरांत मात्र बाकीच्यांनाही दिला, माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. इतकंच. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि फुप्फुसाचा, तपासणीत सिद्ध झालेला टीबी ४८ टक्क्यांनी कमी. साधारण ३० घरांना शिधा दिला की एक माणूस आजारी पडायचा वाचतो. आणि पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला.

पाच टक्के म्हणजे किती? चाळीस किलोच्या माणसाचे दोन किलो. त्या अभ्यासातल्या जवळपास निम्म्या रुग्णांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, १६ च्या खाली, म्हणजे अतिशय कमी होता. उंचापुरा पुरुष आणि वजन चाळीसच्या आतबाहेर. तुमच्या तालुक्यात याहून वेगळं दिसणार नाही. अशा माणसाला आपण सकाळी तीन-चार गोळ्या उपाशीपोटी गिळायला सांगतो आणि मळमळ झाली म्हणून त्याने सोडल्या, की नोंदवहीत ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असं लिहितो. हे वाक्य तुमच्या कार्यकर्त्यांना कधीही लिहू देऊ नका.

सरकार निक्षय पोषण योजनेतून पैसे देतं. एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. चांगली योजना आहे, पण पैसे खात्यावर येतात, आणि ज्याच्या खात्याला आधार जोडलेलं नाही किंवा ज्याचं खातंच बंद पडलंय त्याला ते वेळेवर मिळत नाहीत. पहिले दोन महिने सगळ्यात जीवघेणे असतात, आणि नेमके तेव्हाच पैसे अडकतात. तुमचा शिधा तिथे उपयोगी पडेल: निदान झाल्यापासून आठवड्याच्या आत, रुग्णासकट घरातल्या प्रत्येकासाठी, किमान सहा महिने. निक्षय मित्र, म्हणजे टीबीच्या रुग्णांना शिधा देणारी संस्था, म्हणून सरकारकडे नोंद केलीत तर जिल्ह्याशी जुळवून घेणं सोपं जाईल. परदेशी पावडरचे डबे घेऊ नका. ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, शेंगदाणे, तेल आणि जमेल तिथे अंडी. घरात जे शिजतं तेच जास्त. एकट्या रुग्णापुरतं दिलंत तर तो खाणार नाही, आपल्या मुलांच्या ताटात घालेल. कुठलाही बाप तेच करेल.

शिधा द्यायला जाल तेव्हा वजनकाटा सोबत न्या. दर महिन्याला वजन, आणि ते उतरत असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर. सुरुवातीलाच फार खंगलेला, उठता न येणारा, धाप लागणारा, पाय सुजलेला रुग्ण असेल तर त्याला गोळ्यांचं पाकीट देऊन घरी पाठवायचं नाही, आधी भरती करायचं. तमिळनाडूने २०२२ पासून निदानाच्या वेळीच अशी छाननी राज्यभर सुरू केली आहे, वजन, ऑक्सिजन, सूज, उठता येतं का, इतक्या साध्या गोष्टींवर. त्याला काही खर्च नाही. साखरही तपासून घ्या, मधुमेह असेल तर टीबी लवकर आटोक्यात येत नाही. एचआयव्हीची तपासणी तर नियमातच आहे. मोहाची दारू रोज घेणाऱ्याला ‘सोडल्याशिवाय औषध नाही’ असं कुणी सांगत असेल तर ते थांबवा. त्याला औषध द्या, डोळे पिवळे होतात का यावर लक्ष ठेवा, आणि दारूचं बोलणं रोज थोडं थोडं चालू ठेवा.

घरातल्या बाकीच्यांची तपासणी करताना शिध्याबरोबर प्रतिबंधक औषधाचंही बघा. आजार नाही याची खात्री झाली की आठवड्यातून एकदा असे बारा डोस घ्यायचे असतात. पाच वर्षांखालच्या मुलांना प्रतिबंधक औषध कोणत्याही परिस्थितीत चुकू नये. बीसीजीची लस लहान मुलांना टीबीच्या मेंदूज्वरासारख्या भयंकर प्रकारांपासून वाचवते, म्हणून ती हवीच. पण मोठ्या माणसाच्या फुप्फुसाच्या टीबीपासून तिचं संरक्षण मिळत नाही, हे आपल्याकडेच तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूच्या मोठ्या अभ्यासात दिसून आलं होतं.

दिवाळीनंतर तुमच्याकडचे अर्धे पाडे गुजरातेत ऊसतोडीला जातात. उपचार तुटण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असेल. याला उपाय आहे, तो दसऱ्याच्या आधी करावा लागतो: चालू रुग्णांची यादी, मुकादमाचा फोन, कोणत्या कारखान्याच्या हद्दीत जाणार, आणि निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर त्या जिल्ह्याकडे बदली. सोबत महिन्याभराच्या गोळ्या जास्तीच्या द्यायला सांगा. औषधांचा साठा किती आहे हेही दर महिन्याला विचारत राहा. २०२४ च्या मार्चमध्ये देशभर गोळ्यांचा तुटवडा झाला आणि केंद्राला राज्यांना स्थानिक खरेदीची मुभा द्यावी लागली. अशा वेळी ज्या तालुक्यात कुणी आधीपासून विचारत असतं तिथे धावपळ लवकर सुरू होते.

औषधाला दाद न देणाऱ्या टीबीबद्दल, म्हणजे एमडीआरबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण दोन वर्षांत काही रुग्ण नक्की भेटतील. नव्वदच्या दशकात जगातल्या मोठ्या संस्थांचं मत होतं की गरीब देशांत यावर उपचार करणं परवडत नाही. पेरूत लिमा शहराच्या उत्तरेकडच्या काराबायो वस्तीत पॉल फार्मर, जिम किम हे अमेरिकन डॉक्टर आणि त्यांच्या स्थानिक सहकाऱ्यांनी वस्तीतल्याच कार्यकर्त्यांकरवी घरोघरी उपचार केले आणि बहुतेक रुग्ण बरे झाले. तेव्हा उपचार दीड-दोन वर्षं चालायचे, इंजेक्शनांनी ऐकू येणं जायचं. बेडाक्विलिन ही नवी गोळी आल्यावर इंजेक्शनं गेली, पण किंमत अडसर होती. त्या औषधाचं पेटंट आणखी लांबवण्याच्या अर्जाला मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी भारतात आव्हान दिलं. दोघींची श्रवणशक्ती टीबीच्या औषधांनी गेली होती. मार्च २०२३ मध्ये अर्ज फेटाळला गेला. २०२० मध्ये जागतिक खरेदीत सहा महिन्यांच्या औषधाला ३४० डॉलर पडत होते, ते २०२३ मध्ये १३० पर्यंत उतरले. आज योग्य रुग्णाला सहा महिन्यांत, फक्त गोळ्यांवर, एमडीआरमधून बाहेर पडता येतं. त्यामुळे तुमच्या कार्यकर्त्यांनी एमडीआर म्हणजे मरण असं मानू नये, आणि रुग्णाला तसं वाटू देऊ नये.

जनजागृतीवर मी फार बोललो नाही. भिंतींवरच्या पाट्यांनी कुणी दवाखान्यात आलेला मी पाहिलेला नाही. बरा झालेला माणूस शेजाऱ्याला हाताला धरून घेऊन येतो, हे मात्र नेहमी पाहिलं आहे. अशा चार-पाच जणांना मानधन द्या. लग्नाच्या वयाच्या मुलींचं निदान घरचे लपवतात, त्यांच्याकडे बाईच गेली पाहिजे. आणि ताट-वाटी वेगळी ठेवायची गरज नाही, टीबी हवेतून पसरतो, खिडकी उघडी ठेवा, एवढं घरात जेवायला बसून सांगा.

शेवटी मोजमापाचं. भारताने २०१५ ते २०२५ मध्ये नवे रुग्ण ८० टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१५ मधला लाखामागे २३७ चा आकडा २०२३ मध्ये १९५ वर आला. घट खरी आहे, पण लक्ष्यापासून फार दूर. ‘टीबीमुक्त तालुका’ असं ध्येय लावलं की खालच्या माणसावर रुग्ण कमी दाखवण्याचा दबाव येतो, आणि रुग्ण कमी दाखवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तपासण्या कमी करणं. तुम्ही नीट काम केलंत तर पहिल्या वर्षी नोंदलेले रुग्ण वाढतील. विश्वस्तांना आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना हे आत्ताच लेखी कळवून ठेवा. आणि तीन आकडे दर तिमाहीला काढा: खोकल्यापासून गोळीपर्यंतचे दिवस, दुसऱ्या महिन्याअखेर वजन पाच टक्के वाढलेल्या रुग्णांचं प्रमाण, आणि निदानानंतर वर्षभराने जिवंत असलेले. पहिल्या तिमाहीचे आकडे हाती आले की पाठवा, ते पाहून शिध्याचं प्रमाण आणि माणसांची नेमणूक कशी बदलायची ते सांगेन.